उदरीय स्थूलता

उदरीय स्थूलता म्हणजे पोटाच्या भागात, विशेषतः उदरपोकळीतील अवयवांभोवती, गरजेपेक्षा अधिक मेद साठण्याची अवस्था होय. बोलीभाषेत तिला 'पोट सुटणे' किंवा 'ढेरी येणे' असे म्हणतात. टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, यकृतातील मेदवृद्धी आणि काही प्रकारच्या कर्करोगांशी तिचा संबंध आढळतो. एकूण वजन प्रमाणात असलेल्या व्यक्तीतही ही अवस्था असू शकते. भारतीय उपखंडातील लोकांमध्ये असे अनेकदा दिसून येते. पोटावरील मेद तेवढाच निवडून घटवता येत नाही. मात्र एकूण वजनात झालेल्या माफक घटीनेही उदरपोकळीतील घातक मेद लक्षणीय प्रमाणात कमी होतो. त्यामुळे या अवस्थेच्या उपचारात सपाट पोटापेक्षा कंबरेचा घेर, रक्तशर्करा व रक्तदाब यांतील सुधारणा हे अधिक योग्य उद्दिष्ट मानले जाते.

== मेदाचे प्रकार ==

पोटाच्या भागातील मेद मुख्यतः दोन ठिकाणी असतो.

* त्वचेखालील मेद : हा त्वचा व पोटाचे स्नायू यांच्या मधल्या थरात असतो. चिमटीत धरता येतो तो मेद हाच. पोटावर पडणाऱ्या वळ्या प्रामुख्याने याच्यामुळे दिसतात.
* अंतस्थ मेद : हा पोटाच्या स्नायूंच्या आत, आतडी, यकृत, मूत्रपिंडे इत्यादी अवयवांभोवती असतो. तो चिमटीत येत नाही. तो वाढला की पोट घट्ट व पुढे आलेले दिसते.

दोन्ही मेदांचे कार्य सारखे नसते. अंतस्थ मेदातील पेशी चयापचयाच्या दृष्टीने अधिक क्रियाशील असतात. आतड्यांभोवतीच्या मेदातून बाहेर पडणारी मेदाम्ले आणि दाह वाढवणारी द्रव्ये आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत मिसळतात व थेट यकृतात पोहोचतात. यकृतात मेद साठणे, इन्सुलिनचा परिणाम मंदावणे आणि रक्तातील ट्रायग्लिसराइडचे प्रमाण वाढणे या गोष्टींशी ही प्रक्रिया जोडली जाते. मांड्या व नितंब यांवरील मेद त्या मानाने निरुपद्रवी समजला जातो.

== संकल्पनेचा इतिहास ==

मेद किती आहे यापेक्षा तो कोठे आहे हे महत्त्वाचे असू शकते, असा विचार फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य झां वाग यांनी १९४७ मध्ये मांडला. शरीराच्या वरच्या भागात मेद साठणारी 'पुरुषी' ठेवण आणि नितंब-मांड्यांवर मेद साठणारी 'स्त्री' ठेवण असे दोन प्रकार त्यांनी केले. पहिल्या प्रकारात मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार अधिक आढळतात, हे त्यांनी निदर्शनास आणले. पुढे १९८०च्या दशकात सीटी स्कॅनच्या साहाय्याने त्वचेखालील व अंतस्थ मेद वेगवेगळे मोजणे शक्य झाले आणि या विचाराला प्रत्यक्ष मोजमापाचा आधार मिळाला.

== मोजमाप ==

=== कंबरेचा घेर ===

अंतस्थ मेदाचे अचूक मापन सीटी स्कॅन किंवा एमआरआयने होते. दैनंदिन व्यवहारात मात्र साध्या टेपने घेतलेला कंबरेचा घेर पुरेसा समजला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा कडा यांच्या मध्यावर टेप आडवी धरली जाते. व्यक्तीने सरळ उभे राहून, पोट आत न ओढता, नेहमीसारखा श्वास सोडल्यानंतर माप घेतले जाते. पँटच्या कंबरेचे माप याला पर्याय ठरत नाही. पोट वाढू लागले की अनेकांची पँट पोटाखाली सरकते. परिणामी घेर वाढूनही कपड्याचे माप वर्षानुवर्षे तेच राहू शकते.

प्रचलित मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत :

* दक्षिण आशियाई पुरुष : ९० सेंटीमीटर, स्त्रिया : ८० सेंटीमीटर
* युरोपीय वंशाचे पुरुष : ९४ सेंटीमीटर, स्त्रिया : ८० सेंटीमीटर
* अमेरिकेत दीर्घकाळ वापरलेली मर्यादा : पुरुष १०२ सेंटीमीटर, स्त्रिया ८८ सेंटीमीटर

गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना या मर्यादा लागू होत नाहीत.

=== अन्य निर्देशक ===

कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा लक्षात ठेवण्यास सोपा निकष आहे. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा ८० सेंटीमीटर येते. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये प्रौढांसाठी या निकषाची शिफारस केली. कंबर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तरही वापरले जाते, पुरुषांत ०.९० व स्त्रियांत ०.८५ पासून पुढे धोका वाढलेला समजतात.

वजन व उंचीवर आधारलेला शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय) बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांच्या एकोणिसाव्या शतकातील कामातून आला. त्याला आजचे नाव अ‍ॅन्सेल कीज व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिले. हा निर्देशांक स्नायू व मेद यांत भेद करत नाही आणि मेद कोठे आहे हेही सांगत नाही. त्यामुळे भारतीयांसाठी २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता अशा खालच्या मर्यादा वापरल्या जातात. आंतरराष्ट्रीय मर्यादा अनुक्रमे २५ व ३० आहेत.

== भारतीयांमधील वैशिष्ट्ये ==

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन एस. युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३, म्हणजे सर्वमान्य निकषांनुसार उत्तम होता. प्रत्यक्षात युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळले. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे उदाहरण 'वाय-वाय विरोधाभास' या नावाने ओळखले जाते.

ही ठेवण जन्मापासूनच असू शकते, असे याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासातून दिसून आले. या गावांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. भारतीय बालकांत स्नायू व उदरातील अवयव लहान होते. मात्र त्वचेखालील मेद त्या प्रमाणात कमी नव्हता. बारीक दिसणारे पण तुलनेने अधिक मेद असलेले असे हे बालक 'कृश-मेदयुक्त' म्हणून वर्णिले गेले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडिया-बी' सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याच दिशेने जातात. २० वर्षांवरील व्यक्तींच्या या सर्वेक्षणात एकूण स्थूलतेचे प्रमाण २८.६ टक्के, तर उदरीय स्थूलतेचे ३९.५ टक्के आढळले. म्हणजेच वजनकाट्यावर स्थूल न ठरणाऱ्या अनेकांचे पोट मर्यादेपलीकडे वाढलेले असते.

== कारणे ==

उदरीय स्थूलतेमागे सहसा एकच कारण नसते.

* आनुवंशिकता : मेद शरीरात कोठे साठेल, यावर अनुवंशाचा मोठा प्रभाव असतो.
* वय व संप्रेरके : वयानुसार स्नायू घटतात आणि मेदाचे प्रमाण वाढते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने स्त्रियांमध्ये मेद नितंब व मांड्यांऐवजी पोटात साठू लागतो.
* आहार : गरजेपेक्षा अधिक ऊर्जा हे मूळ कारण असते. भारतीय जेवणात पोळी, भाकरी, भात यांचा वाटा मोठा व प्रथिनांचा कमी असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित असावी.
* बैठे जीवन : दीर्घकाळ बसून काम केल्याने ऊर्जेचा खर्च घटतो व स्नायू दुर्बळ होतात.
* अपुरी झोप : अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०२२ मधील एका छोट्या प्रयोगात दोन आठवडे रात्री केवळ चार तासांची झोप घेणाऱ्या निरोगी व्यक्तींचा अंतस्थ मेद, नऊ तासांची संधी मिळण्याच्या काळाच्या तुलनेत, सुमारे ११ टक्के वाढला.
* मद्य व धूम्रपान : दोन्हींचा संबंध वाढलेल्या घेराशी आढळतो. धूम्रपान करणाऱ्यांचे वजन कमी असले, तरी त्यांचा मेद पोटाकडे अधिक साठतो.
* आजार व औषधे : कुशिंग संलक्षणात आणि स्टेरॉइडच्या दीर्घ वापरात हातपाय बारीक व पोट मोठे होते.

== मेद चिवट वाटण्याची कारणे ==

मेदपेशींत साठवलेला मेद बाहेर पडण्यासाठी अ‍ॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा संदेश लागतो. पेशीवरील बीटा ग्राहक मेद मोकळा करण्यास चालना देतात, तर अल्फा-२ ग्राहक त्यास अटकाव करतात. पोटावरील त्वचेखालच्या मेदात अल्फा-२ ग्राहकांचा प्रभाव अंतस्थ मेदापेक्षा अधिक असतो. त्यामुळे वजन घटू लागले की आतला मेद प्रमाणाने लवकर कमी होतो आणि चिमटीत येणारा मेद मागे रेंगाळतो. आरशात फरक दिसत नसतानाही रक्तशर्करा व ट्रायग्लिसराइड सुधारू लागण्याचे हे एक कारण होय.

वजन घटल्यावर मेदपेशी आकुंचन पावतात. प्रौढपणी त्यांची संख्या मात्र जवळपास कायम राहते. पेशींतून बाहेर पडलेला मेद घामावाटे जात नाही. त्याचे ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. १० किलोग्रॅम मेदाचे पूर्ण ज्वलन झाल्यास सुमारे ८.४ किलोग्रॅम भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडतो आणि उरलेल्या १.६ किलोग्रॅमचे पाणी होते. घाम आणणारे पट्टे किंवा वाफेची स्नाने यांमुळे घटणारे वजन पाण्याचे असते आणि पाणी पिताच ते परत येते.

== जागेपुरता मेद घटवण्याची कल्पना ==

ज्या भागाचा व्यायाम करावा त्या भागाचा मेद वितळतो, ही समजूत जगभर रूढ आहे. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची तुलना करण्यात आली. खेळण्याच्या हाताचे स्नायू स्पष्टपणे मोठे होते, परंतु दोन्ही हातांवरील त्वचेखालच्या मेदाची जाडी सारखीच होती. १९८४ च्या एका प्रयोगात २७ दिवस सिट-अप्स केलेल्या पुरुषांच्या पोटातील मेदपेशी पाठ व नितंब येथील मेदपेशींपेक्षा अधिक आकसल्याचे दिसले नाही. २०११ मध्ये २४ व्यक्तींवर झालेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात केवळ पोटाच्या व्यायामांनी स्नायूंची सहनशक्ती वाढली, पण पोटावरील मेद घटला नाही. अलीकडच्या काही लहान अभ्यासांत थोडा स्थानिक परिणाम नोंदवला गेला असला, तरी उपचाराची दिशा बदलावी इतका तो ठोस मानला जात नाही. पोटाचे व्यायाम पाठीच्या आधारासाठी व शरीराच्या ठेवणीसाठी उपयुक्त आहेत. मेद घटवण्याचे ते साधन नव्हे.

== उपाय ==

=== आहार ===

एक किलोग्रॅम शरीरमेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. रोज ५०० किलोकॅलरी कमी घेतल्यास आरंभी आठवड्याला साधारण अर्धा किलोग्रॅम वजन घटते. हा दर पुढे टिकत नाही, कारण लहान झालेल्या शरीराची ऊर्जेची गरजही कमी होते. त्यामुळे काही महिन्यांनी वजन स्थिरावणे हे अपयशाचे लक्षण नसून अपेक्षित आहे.

कोणताही एक आहारप्रकार दीर्घकाळात इतरांपेक्षा निर्विवादपणे श्रेष्ठ ठरलेला नाही. जो पाळता येतो तो अधिक उपयोगी पडतो. महाराष्ट्रीय ताटापुरते पाहिल्यास भात किंवा पोळीचे प्रमाण थोडे कमी करून डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे आणि भाज्या वाढवणे, तसेच साखरेचा चहा, फरसाण व तळलेले पदार्थ यांना आवर घालणे हे व्यवहार्य बदल आहेत. लिंबू व मध घातलेले कोमट पाणी, जिरे किंवा दालचिनी यांनी मेद 'वितळतो' या समजुतीला आधार नाही. मधातून तर साखरच मिळते.

=== व्यायाम ===

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेच्या हालचालीची आणि किमान दोन दिवस स्नायूबळ वाढवणाऱ्या व्यायामाची शिफारस करते. केवळ व्यायामाने वजन फारसे उतरत नाही. ६५ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीने अर्धा तास झपझप चालल्यास सुमारे १२५ ते १५० किलोकॅलरी खर्च होतात आणि एखाद्या वड्याने त्या भरून निघू शकतात. तथापि वजन तेवढेच राहूनही नियमित व्यायामाने अंतस्थ मेद घटल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. स्नायूबळाचे व्यायाम वजन घटताना होणारी स्नायूंची झीज रोखतात; मुळातच स्नायू कमी असलेल्या भारतीय शरीरयष्टीत याला विशेष महत्त्व आहे.

=== औषधे ===

भूक व तृप्ती यांच्या यंत्रणेवर काम करणारी सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड ही इंजेक्शने २०२५ पासून वजन घटवण्यासाठी भारतात उपलब्ध आहेत. ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावी लागतात. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता असे दुष्परिणाम होऊ शकतात. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध व त्यासोबतचे मार्गदर्शन थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले.

=== शस्त्रक्रिया ===

लायपोसक्शनने त्वचेखालील मेद काढला जातो. अंतस्थ मेदाला तिचा स्पर्श होत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरून सरासरी ९ ते १० किलोग्रॅम मेद काढूनही इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब किंवा रक्तातील स्निग्ध द्रव्ये यांत सुधारणा झाली नाही. ही सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया असून स्थूलतेचा उपचार नाही. तीव्र स्थूलतेत केली जाणारी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया याहून भिन्न असून तिचे चयापचयावरील परिणाम सिद्ध झालेले आहेत.

== वास्तववादी उद्दिष्टे ==

उपचार अर्धवट सोडण्यामागे अनेकदा परिणामांचा अभाव नसतो, तर अपेक्षांचा अतिरेक असतो. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० स्थूल स्त्रियांना उपचारापूर्वी त्यांची अपेक्षा विचारण्यात आली. त्यांचे सरासरी लक्ष्य शरीराच्या वजनात ३२ टक्के घट हे होते. ४८ आठवड्यांनंतर त्यांचे वजन सरासरी १६ किलोग्रॅमने घटले. वैद्यकीय दृष्ट्या हे उत्तम यश असूनही सुमारे निम्म्या स्त्रिया, त्यांनी स्वतः आधी 'निराशाजनक' ठरवलेल्या वजनापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या.

आरोग्यासाठी लागणारी घट याहून बरीच कमी असते. वजन ५ ते १० टक्क्यांनी घटल्यास रक्तदाब, रक्तशर्करा व यकृतातील मेद यांत सुधारणा दिसते. ८० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीसाठी ही घट ४ ते ८ किलोग्रॅम होते. दर किलोग्रॅममागे कंबरेचा घेर साधारण एक सेंटीमीटरने कमी होतो, असा स्थूल अंदाज आहे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००२) वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम ही उद्दिष्टे ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. चेन्नई येथे ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भारतीय कार्यक्रमात (२००६) जीवनशैलीतील बदलांनी हा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही सरासरी वजनात लक्षणीय घट न होता.

उद्दिष्ट ठरवताना सहसा पुढील बाबी विचारात घेतल्या जातात :

* सहा महिन्यांत ५ ते १० टक्के घट. आठवड्याला अर्ध्या ते एक किलोग्रॅमपेक्षा अधिक वेग नको
* वजनाबरोबर कंबरेचा घेर महिन्यातून एकदा, त्याच जागी व त्याच पद्धतीने मोजणे
* परिणामाऐवजी कृतीचे लक्ष्य, उदाहरणार्थ आठवड्यातील चालण्याचे दिवस किंवा जेवणातील प्रथिनांचा वाटा
* घटलेले वजन टिकवणे हे स्वतंत्र व दीर्घकाळाचे उद्दिष्ट मानणे

अतिवेगाने वजन घटवण्याचे परिणाम एका अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांच्या अभ्यासात (२०१६) दिसले. सहा वर्षांनंतर बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते आणि विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी होता.

चित्रपट व जाहिरातींतून दिसणारे स्नायूंचे 'पॅक' हे आरोग्याचे मापक नाही. पोटाच्या सरळ स्नायूवरील आडव्या तंतुमय पट्ट्यांची संख्या व मांडणी जन्मजात असते; व्यायामाने ती बदलत नाही. हे स्नायू उठून दिसण्यासाठी शरीरातील मेद इतका कमी करावा लागतो, की स्त्रियांमध्ये मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे आणि हाडे ठिसूळ होणे असे परिणाम संभवतात. शरीराविषयीचा सततचा असंतोष खाण्याच्या विकारांकडे नेऊ शकतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य आवश्यक ठरते.

== पोट पुढे येण्याची अन्य कारणे ==

प्रत्येक मोठे पोट मेदाचे नसते. बाळंतपणानंतर पोटाचे सरळ स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर झालेले राहू शकतात. त्यावर फिजिओथेरपीतील विशिष्ट व्यायाम उपयोगी पडतात. वायू, बद्धकोष्ठता, कंबरेचा अतिरिक्त बाक आणि हर्निया यांमुळेही पोट पुढे दिसते. पोट अल्पावधीत वाढणे, त्यासोबत वजन घटणे, पायांवर सूज, कावीळ किंवा सतत दुखणे ही लक्षणे पोटात पाणी होणे, यकृताचा विकार किंवा अंडाशयातील गाठ यांची असू शकतात. अशा स्थितीत आहार किंवा व्यायामाचे प्रयोग न करता तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

== हे सुद्धा पहा ==

* स्थूलता
* शरीरवस्तुमान निर्देशांक
* मधुमेह
* चयापचय
* इन्सुलिन